मेण लावलेल्या वाटीची कहाणी

ऐक घटिकामाई, तुझी कहाणी. ऐका बायांनो, हातातलं खाली ठेवून ऐका.

सूर्य उगवून तिसरी घटका भरली. देवळातल्या घंगाळात वाटी बुडाली, गुरवानं काशाच्या तासावर टोला दिला, आणि त्याच टोल्याला या कहाणीची सुरुवात झाली. कुठं झाली? आटपाट नगरात, नदीच्या अंगाला, रंगाऱ्यांच्या आळीत.

त्या काळी घड्याळं नव्हती. घंगाळभर पाणी घ्यायचं, त्यावर तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी आत शिरायचं, वाटी हळूहळू भरायची, भरली की बुडायची. बुडाली की एक घटका झाली. मग गुरवानं टोला द्यायचा, वाटी काढायची, पुन्हा सोडायची. नगरातली लग्नं त्या वाटीवर, दुकानं त्या वाटीवर, जेवणंखाणं त्या वाटीवर.

रंगाऱ्यांच्या आळीत महादू नावाचा रंगारी राहायचा. घरात म्हातारी आई, बायको ठकू, आणि वर्षाच्या आतला मुलगा गोंदू. महादूनं गावोगाव फिरून लुगडी-पागोटी गोळा करून आणावी, ठकूनं ती हिरड्याच्या पाण्यात भिजवावी, तुरटीच्या पाण्यात खळबळावी, मग रंगाच्या हंड्यात उकळावी. 

ठकू आळशी होती का? नव्हती. कोंबड्याच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून पाठ टेकायची. पण तिचं एक वाईट होतं. हात एका कामात, जीव दुसऱ्यात, कान तिसऱ्यात. भात चुलीवर ठेवला की वाटायचं, हंड्यातल्या लुगड्याला डाग पडेल. लुगड्याकडे धावली की वाटायचं, गोंदू उंबऱ्यावरून पडेल. गोंदूला उचललं की वाटायचं, भात लागेल. मग भात खरंच लागायचा, लुगड्याला खरंच डाग पडायचा, आणि गोंदू पडायचा तो धावणाऱ्या आईच्याच पायात येऊन.

घरात बघावं ते अर्धं. अर्धं अंगण झाडलेलं, अर्धं दळण जात्यात, अर्धं लुगडं लाल. गोंदूची गुटी उगाळायला घ्यायची, ती सहाणेवरच वाळायची. एकदा ठकू सासूची वेणी घालायला बसली आणि अर्ध्यावर टाकून गेली. सासू दिवसभर तशीच दारात बसली, एका बाजूला वेणी, एका बाजूला झिंज्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या सूनबाईनं अर्धी सासू तयार केलीय, उरलेली उद्या होईल.

आणि कुणी काही मागितलं की ठकूचं एकच उत्तर. वेळ नाही. नवऱ्यानं पाणी मागितलं, वेळ नाही. शेजारणीनं हाक मारली, वेळ नाही. गोंदूनं पदर ओढला, वेळ नाही रे बाळा.

तर त्या दिवशी, त्या टोल्याला, ठकूच्या दारात एक म्हातारी आली. कपाळाला आडवं कुंकू, लुगडं धुऊन धुऊन पातळ झालेलं, कमरेला एक तांब्याची वाटी बांधलेली. म्हणाली, मुली, तांब्याभर पाणी दे. ठकू हंडा ढवळत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, आजी, वेळ नाही. म्हातारी म्हणाली, बरं, पाणी राहू दे. पायात काटा मोडलाय, तेवढा काढ. ठकू चुलीकडे धावली, धावता धावता म्हणाली, वेळ नाही. म्हातारी म्हणाली, बरं, काटाही राहू दे. लेकराला घेऊन घटकाभर माझ्याजवळ बस. तुम्हा दोघांना बघते आणि जाते.

ठकू त्रासली. भात लागल्याचा वास येत होता. ती म्हणाली, "आजी, लेकराला मांडीवर घ्यायला माझ्याजवळ वेळ नाही, तर तुझ्याजवळ बसायला कुठून आणू?"

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "नाही का? बरं. नाही म्हणतेस तर नाही."

आणि काठी टेकत निघून गेली.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी ठकू जात्यावर बसली. जोंधळ्याची एक मूठ जात्यात घातली, खुंट्याला हात लावला, वर बघते तर सूर्य डोक्यावर. पीठ किती? चिमूटभर. मग हंड्याकडे गेली. लुगडं बुडवलं, काठी हातात घेतली, वर बघते तर दिवेलागण. रंग किती? नुसता काठाला लागलेला. मग गोंदूला घ्यायला वळली. हात पुढं केले, तोवर सासूनं त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, तीट लावली, झोपवलं. ठकूचे हात पुढंच.

असं एक दिवस झालं, दोन दिवस झालं, मग रोजच व्हायला लागलं. सगळ्यांचे दिवस जिथल्या तिथं, ठकूचाच दिवस उंबऱ्यावर पाय ठेवला की संपायचा. लोक येऊन आपापली लुगडी परत न्यायला लागले. महादू आधी बोलला, मग कुरकुरला, मग बोलेनासा झाला. ठकूनं तेही सोसलं. सासू टोमणे मारायची, म्हणायची, ठके, तुझ्या हातचा भात खायला मी अजून एक जन्म घेऊन येईन. ठकूनं तेही सोसलं.

पण एके सकाळी गोंदू रडत उठला. ठकू सगळं टाकून धावली. हात पसरले, ये म्हणाली. गोंदूनं रडं थांबवलं. पाव्हण्या माणसाकडे बघावं तसं आईकडे बघितलं. आणि तोंड फिरवून आजीच्या खांद्यात घातलं.

सासूनं गोंदूला थोपटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ठके, त्याच्यावर रागावू नको. तू त्याला दिसतच नाहीस गं."

ठकूनं पसरलेले हात मागं घेतले. काय करावं, कुणाला सांगावं? मग तिला ती म्हातारी आठवली. नाही म्हणतेस तर नाही, असं ती म्हणाली होती. ठकूनं सासूचे पाय धरले. म्हणाली, आत्याबाई, माझा वेळ ती म्हातारी घेऊन गेली. मी तिला शोधायला जाते, गोंदूकडे तुम्ही बघा. सासू म्हणाली, बघते, जा. पण परत येशील ती आख्खी ये. अर्धी आलीस तर दारात घेणार नाही.

मग ठकू निघाली. पाऊल टाकावं तो दुपार, दुसरं टाकावं तो रात्र. तरी चालत राहिली. जाता जाता एक मळा लागला. मळ्यात माळी कपाळाला हात लावून बसलेला. मोट चालू, पाट भरून वाहतोय, आणि यानं सगळ्या वाफ्यांची दारं एकदम उघडी टाकलेली. पाणी सगळीकडे पसरत होतं, कुठंच मुरत नव्हतं. वांगी सुकलेली, मिरच्या सुकलेल्या. माळ्यानं विचारलं, बाई, कुठं निघालीस? ठकूनं सांगितलं. माळी म्हणाला, म्हातारी भेटली तर माझंही विचार. दिवसभर पाणी देतो, एक वाफा ओला होत नाही.

मग पुढं गेली. एक कुंभारीण भेटली. गाडगी भाजायला आवा लावलेला, आणि ही घडोघडी राख बाजूला सारून एकेक गाडगं उचलून बघत होती, भाजलं का, भाजलं का. वारा लागून गाडगी तडकत होती. कुंभारीण म्हणाली, माझंही विचार. इतकं लक्ष देते, तरी एक गाडगं धड निघत नाही.

मग पुढं गेली. राजाचा वाडा लागला. गच्चीत राणी बसलेली. न्हाऊ घालायला दासी, वेणीला दासी, विडा उचलून तोंडात द्यायला दासी. राणीनं वरूनच विचारलं, कुठं निघालीस? ठकू म्हणाली, माझा वेळ हरवलाय, शोधायला निघाले. राणी म्हणाली, अगं मग माझाच घेऊन जा. सकाळ होते, ती संध्याकाळ व्हायचं नाव घेत नाही. ठकूला हसू आलं. ती म्हणाली, राणीबाई, घेतला असता, पण पदरात कसा बांधू? राणीही हसली. म्हणाली, म्हातारी भेटली तर माझंही विचार.

मग आणखी पुढं गेली. नदीचं वळण आलं. वळणावर उंबर, उंबराखाली घंगाळ, घंगाळात वाटी तरंगतेय, आणि शेजारी तीच म्हातारी. तिच्या मागं गाठोड्यांचा ढीग. ठकूनं आधी काय केलं? नदीवरून तांब्याभर पाणी आणून म्हातारीला दिलं. मग तिचा पाय मांडीवर घेतला, पदरची टाचणी काढून पायातला काटा काढला. काटा काढीपर्यंत ठकूनं दुसरीकडे बघितलं नाही. मग हात जोडले आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, आजी, तिसरं मागितलं होतंस ते देता येत नाही. लेकरू माझ्याकडे येत नाही.

म्हातारी म्हणाली, त्याचीच तर तोड सांगायची आहे, डोळे पूस. ठकूनं विचारलं, माझा वेळ कुठं गेला? म्हातारी म्हणाली, "जातोय कुठं? लोक नाही म्हणतात, मी उचलून ठेवते. टाकून थोडाच देईन? हे गाठोडं राजाच्या कारभाऱ्याचं. हे गुरवाचं, रोज वाटी सोडतो आणि त्यालाच वेळ नाही. आणि हे तुझं."

ठकूनं बघितलं, आपलं गाठोडं सगळ्यात मोठं. तिनं लाजून मान खाली घातली. विचारलं, आजी, तू कोण? म्हातारी म्हणाली, मला घटिकामाई म्हणतात. मग ठकूनं पाय धरले, म्हणाली, माई, मला वसा सांग.

घटिकामाईनं वसा सांगितला. चैत्रातल्या पहिल्या बुधवारी धरावा. रोज सकाळी न्हाऊन धुऊन घंगाळात पाणी भरावं. घंगाळाला हळदकुंकू लावावं, पाण्यात एक फूल टाकावं, वाटीला हात जोडून ती सोडावी. वाटी तरंगते तोवर हातात एकच काम धरावं. जीव तिथं, कान तिथं, डोळे तिथं. वाटी बुडाली की ते काम खाली ठेवावं. पुरं झालं असेल तर देवाचं नाव घ्यावं, पुरं झालं नसेल तर उद्याच्या वाटीची वाट बघावी. भाताला भाताची वाटी, रंगाला रंगाची वाटी. दिवसातली शेवटची वाटी कामाची नाही. ती घरच्या माणसांची. त्या वाटीत काही करू नये, नुसतं त्यांच्यात बसावं.

ठकूनं विचारलं, माई, या वशाचं वाण काय? घटिकामाई म्हणाली, नारळ नको, खण नको. पुढल्या चैत्रात एका दमलेल्या बाईला बोलवावं, पाटावर बसवावं, गरम जेवू घालावं, आणि ती जेवते तोवर तिचं काम आपण करावं. एक घटका तिला द्यावी, हेच वाण.

हे केल्यानं काय होतं? रखडलेलं चालतं होतं, धावणारं दमानं घेतं, अर्ध्याचं आख्खं होतं. घटिकामाईनं ठकूच्या गाठोड्याची गाठ सोडली, कमरेची वाटी काढून तिच्या हातात दिली, आणि बजावलं, "वाटीला घाई करू नकोस, वाटीला फसवू नकोस, धरलेला वसा सोडू नकोस."

मग ठकूनं माळ्याचं, कुंभारणीचं, राणीचं विचारलं, उत्तरं पदरात घेतली आणि माघारी फिरली. आता पाऊल टाकलं तर पाऊलच पडायचं, दिवस जागच्या जागी राहायचा.

परतताना राणी भेटली. ठकूनं सांगितलं, माईनं निरोप दिलाय, रोज एक तरी काम आपल्या हातानं कर. राणीनं दासींना बाजूला केलं आणि स्वतःची वेणी स्वतः घातली. ती अशी वाकडी झाली, की राणी आरशात बघून हसत सुटली, दासी हसत सुटल्या, आणि हसता हसता संध्याकाळ झाली. मग कुंभारीण भेटली. ठकूनं सांगितलं, आवा लावलास की पाठ फिरव, घरी जा, भाकरी कर, आव्याचं काम आव्याला करू दे. तिनं तसं केलं, गाडगी खणखणीत निघाली. मग माळी भेटला. ठकूनं सांगितलं, एका वाफ्याचं दार उघड, तो भरू दे, ते बंद कर, मग दुसऱ्याचं उघड. माळ्यानं तसं केलं. ठकू बांधावरून उतरेपर्यंत पहिल्या वाफ्यातल्या मिरचीनं मान वर केली.

ठकू घरी आली. सासूनं दारातच अडवलं, वरखाली बघितलं, म्हणाली, आख्खी दिसतेस, ये.

चैत्रातला पहिला बुधवार आला. ठकूनं वसा धरला. पहिल्या दिवशी फार जड गेलं. दळताना मन हंड्याकडे पळायचं, तिनं ओढून जात्यावर आणावं. पुन्हा पळायचं, पुन्हा आणावं. वाटी बुडायची, दळण थोडं उरायचं, उठताना पाय निघायचा नाही. तरी उठायची. मग हळूहळू हाताला वळण लागलं. भात मऊ व्हायला लागला. लुगड्याला काठापासून काठापर्यंत सारखा रंग चढायला लागला. सासूची वेणी दोन्ही बाजूंनी एका दिवशी झाली, तेव्हा सासू मुद्दाम सगळ्या आळीतून चक्कर मारून आली.

आणि शेवटची वाटी गोंदूची. पहिल्या दिवशी ठकू अंगणात नुसती बसली, गोंदू आजीच्या मागं लपला. दुसऱ्या दिवशी आजीच्या आडून डोकावला. तिसऱ्या दिवशी रांगत आला, आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, चोखलं, आणि परत गेला. ठकूनं घाई केली नाही. मग रोज यायचा, पदर धरायचा, खेळायचा. मांडीवर मात्र येईना. ठकू रोज मांडी मोकळी ठेवून बसायची.

दिवस बरे आले. ठकूच्या हातचा लाल रंग चार गावांत नावाजला. इकडे राणीला चरख्याचा नाद लागला होता. तिनं स्वतः सूत काढलं, साळ्यांकडून विणून घेतलं, आणि गाडीभर लुगडी ठकूकडे पाठवली. निरोप आला, श्रावणातल्या शुक्रवारच्या हळदीकुंकवाला नगरातल्या सगळ्या सवाष्णींना तुझ्या हातचं लाल लुगडं द्यायचं आहे.

महादूला आनंद झाला. सासूनं शेजारणींना जमवून गाडी दाखवली. ठकू मात्र लुगडी मोजत बसली. लुगडी केवढी, आणि दिवस किती थोडे. पुन्हा जुनं सुरू झालं. एकाला हात लावावा तर दुसरं दिसावं. वाटी बुडायच्या आत किती होतील, होतील की नाही होतील. तिची नजर शेवटच्या वाटीवर गेली. ही एक वाटी कामाला लावली तर? पण ती गोंदूची. ती घ्यायला मन झालं नाही.

मग तिला एक सुचलं. कुठल्या दुसऱ्या बाईला सुचलं नसतं, रंगारणीलाच सुचलं. रंगाऱ्याच्या घरी मेण असतंच. लुगड्यावर पांढरी बुट्टी ठेवायची असेल तर तिथं मेणाचा ठिपका द्यायचा. जिथं मेण, तिथं रंग शिरत नाही. ठकूनं विचार केला, जिथं मेण, तिथं पाणी तरी कसं शिरेल? घटका कुणाची घ्यायची नाही, चुकवायची नाही. नुसती जरा लांबवायची. तिनं बोटावर मेण घेतलं, वाटी पालथी केली, भोकावर मेणाचा ठिपका दिला, आणि वाटी पाण्यावर सोडली.

दिवस कलला होता. गोंदूच्या वाटीच्या आधीची ती वाटी. ती तरंगायला लागली ती तरंगतच राहिली. सूर्य समोरच्या घराच्या माळवदावर टेकला होता तो टेकलेलाच राहिला. ठकू खूश झाली. लुगडी घेतली, हंड्यात बुडवली. आणखी घेतली, आणखी बुडवली. कुणी हाक मारीना, कुठं टोला पडेना. ठकू गाणं म्हणत ढवळत होती.

बऱ्याच वेळानं तिनं एक लुगडं काठीवर उचलून बघितलं. पांढरं. दुसरं उचललं. पांढरं. रंग उकळत होता का? नव्हता. बुडबुडा वर आलेला, तो फुटत नव्हता. ठकू चुलीकडे गेली. जाळ उभा, हलत नव्हता. ठकू दाराकडे गेली. महादू बाजारातून येत होता, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. ओसरीवर सासूनं जांभई द्यायला तोंड उघडलेलं, ते उघडंच.

ठकू घाबरली. गोंदू कुठं आहे? ती अंगणात धावली.

गोंदू भिंतीशी होता. भिंतीला धरून उभा राहायला तो परवापासून शिकला होता. आज त्यानं भिंत सोडली होती. दोन्ही हात ठकूच्या दिशेला पसरलेले, एक पाय उचललेला, तोंडभर हसू. तो आईकडे चालत यायला निघाला होता. आजीकडे नाही, आईकडे. आणि उचललेला पाय खाली पडत नव्हता.

ठकू गुडघ्यावर बसली. हात पसरले. म्हणाली, ये, ये माझ्या बाळा. गोंदू येणार होता. येत नव्हता. उचलून घ्यावं? हात पुढं गेले आणि थांबले. उचलला तर ते ठकूचं घेणं झालं असतं, त्याचं येणं झालं नसतं. आणि ज्याची इतके दिवस मांडी मोकळी ठेवून वाट बघितली, ते येणं समोर होतं, हातभर अंतरावर.

मग ठकूला उमगलं. मी ही घटका जाऊ दिली नाही, म्हणून पुढची येऊ शकत नाही. आणि माझं लेकरू पुढच्या घटकेत आहे.

ती उठली, घंगाळाकडे पळाली, वाटी उचलली आणि नखानं मेण खरवडून काढलं. घटिकामाईची क्षमा मागितली, म्हणाली, माई, वाटीला फसवलं, पुन्हा फसवणार नाही. कामं राहू देत. आणि वाटी पाण्यावर सोडली. पाणी चढलं, वाटी भरली, बुडाली. देवळात टोला पडला. सूर्य माळवदाखाली उतरला. हंड्यातला बुडबुडा फुटला, जाळ हलला, महादू आत आला, सासूची जांभई पुरी झाली आणि ती जबडा चोळत म्हणाली, आज जांभई फारच मोठी आली गं बाई.

ठकूचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गोंदूसमोर गुडघ्यावर बसली होती. गोंदूचा पाय खाली पडला. एक पाऊल आला. डगमगला, दुसरं पाऊल आला. तिसरं पडता पडता सावरला आणि धपकन आईच्या मांडीत येऊन बसला. बसला, वर बघितलं, आणि दोन्ही मुठींनी तिची मान धरली. ठकू हसत होती की रडत होती, सासूलाही सांगता आलं नाही, आणि सासूनं या वेळी टोमणा शोधलाही नाही.

पांढऱ्या लुगड्यांचा ढीग तसाच होता. महादूनं ढिगाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, याचं कसं गं करायचं? ठकू म्हणाली, त्यांची वाटी उद्या. ही गोंदूची आहे, तुम्हीही बसा. मग महादू बसला, सासू बसली, आणि शेवटची वाटी बुडेपर्यंत गोंदू एकाकडून दुसऱ्याकडे चालत राहिला, पडत राहिला, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी ठकूनं राणीला खरं ते कळवलं. म्हणाली, हळदीकुंकवाला एवढी लुगडी होतील, बाकीची दसऱ्याला होतील. घाईनं केली तर डाग पडतील. घरच्यांना वाटलं, आता राणी रागावणार. राणी पालखीतून उतरून थेट आळीत आली. म्हणाली, उशीर होणार असेल तर मलाच एक हंडा दे. पदर खोचला, लुगडं बुडवलं, आणि कोपरापर्यंत लाल हात घेऊन वाड्यावर गेली. राजानं विचारलं, हे काय? राणी म्हणाली, माझी आजची घटका आहे.

पुढल्या चैत्रात ठकूनं वाण दिलं. गुरवाच्या बायकोला बोलावलं, पाटावर बसवलं, गरम भात वाढला, वर तूप वाढलं, आणि ती जेवते तोवर ठकूनं तिच्या घरचं दळण दळलं. गुरवाची बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून न निवलेला भात आज पहिल्यांदा खाल्ला. तिनं वसा घेतला. तिचं बघून शेजारणीनं घेतला. आळीत घरोघर वाटी तरंगायला लागली.

ठकूची कामं संपली का? नाही संपली. कामं कुणा बाईची संपतात? पण जात्यावर बसली की जात्यावर असायची, हंड्यापाशी उभी राहिली की हंड्यापाशी असायची, आणि लेकराजवळ असली की आख्खी लेकराजवळ असायची. तिला कशाची उणीव पडली नाही.

घटिकामाई, जशी ठकूला पावलीस, तशी इथं बसलेल्या सगळ्यांना पाव. तिला भरलेल्या घटका दिल्यास, तशा आम्हांला दे. तिचं लेकरू चालत तिच्या मांडीत आलं, तशी आमची लेकरं आमच्या मांडीत येवोत. लांब घटकेची कहाणी लहान घटकेत सांगितली, ऐकणारीला फळली, सांगणारीला फळली, इथं पुरी झाली.

आता बायांनो, एवढं करा. जी आज इथं येऊ शकली नाही, तिच्या घरी जा आणि ही कहाणी तिला सांगा. ती म्हणेल, वेळ नाही. मग तिला खाली बसवा, तिच्या जात्याचा खुंटा आपल्या हातात घ्या, आणि दळता दळता सांगा.